कंकणाच्या अलीकडे

"आत्या, आणखी किती वेळ?"

बाथरूमच्या बंद दारावर मी पुन्हा थाप मारली. आतून पाणी ओतल्याचा आवाज आणि त्याच्यावर चढ्या सुरात चाललेलं स्तोत्र.

आई खाटेच्या कडेला बसून होती. साडी नेसून, वेणी घालून, पायांत चपला चढवून तयार. एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"तू तरी सांग की तिला," मी म्हणाले. "सहाला निघायचं ठरलं होतं आपलं."

"येतील. स्पर्शाच्या आधीचं स्नान आहे त्यांचं."

"आई, कासरगोड इथून तीन तासांवर आहे. ग्रहण काय आपल्यासाठी थांबणार आहे का?"

आईनं माझ्याकडं बघितलं आणि पदर नीट केला. बस्स.

ही दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरातली गोष्ट, नाताळच्या दुसऱ्या दिवशीची. कर्नाटकच्या किनाऱ्यावर कुंदापूरच्या एका लॉजमध्ये आम्ही तिघी आदल्या रात्री उतरलो होतो. मी कोल्हापुरात एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्या सकाळी कंकणाकृती सूर्यग्रहण होतं. चंद्र त्या वेळी पृथ्वीपासून लांब असतो, म्हणून आकारानं जरा लहान दिसतो, आणि सूर्याच्या बरोबर मधे आला तरी त्याला पुरता झाकू शकत नाही. कडेनं प्रकाशाची बांगडी उरते. पण ती बांगडी सगळीकडून दिसत नाही. जमिनीवरून एक अरुंद पट्टा जातो, त्या पट्ट्यात उभं राहिलं तरच. पट्ट्याच्या बाहेर नुसती कोर. आमच्या कॉलेजची बस कासरगोडला निघाली होती, कारण पट्ट्याचा मधला भाग त्या बाजूला होता. माझी सीट राखलेली होती. गेली दोन वर्षं मी मुलांना त्या तारखेबद्दल सांगत होते.

आणि निघायच्या आठवडाभर आधी आई म्हणाली, "मी पण येणार."

मला आनंद झाला. तिनं कधी कसला हट्ट केलेला मला आठवत नव्हता. पण लगेच पुढं म्हणाली, "आणि वन्सं पण."

रत्नाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आईच्याच वयाची. नवरा गेल्यापासून गडहिंग्लजला माझ्या थोरल्या काकांकडं राहायची. सोवळं, उपासतापास, वेध, सूतक, सगळं काटेकोर. ग्रहण बघायला तिला न्यायचं म्हणजे काय करायचं, मला कळेना.

"तिला कशाला? ती बघणार आहे का?"

"समुद्रस्नान होईल म्हणून सांगितलंय. ग्रहण सुटल्यावरचं. त्या तयार आहेत."

"मग पुढच्या वेळी ने तिला समुद्रावर."

"वन्सं नसतील तर मी पण येत नाही," आई म्हणाली.

म्हणून मी बस सोडली आणि माझी जुनी वॅगनआर काढली.

आत्या बाथरूममधून बाहेर आली तेव्हा सात वाजून गेले होते. मग साडी, मग भस्म, मग बाटलीतलं गंगाजल. रात्रीपासून तिचे वेध सुरू होते, पोटात अन्नाचा कण नव्हता. तिला मधुमेह होता.

"वन्सं, आजाऱ्याला सूट असते," आईनं रात्री दोनदा सांगितलं होतं.

"मी कुठं आजारी आहे?" आत्या म्हणाली होती.

सामान खाली नेलं, गाडी सुरू केली, गावाबाहेर पडलो, आणि आत्या मागच्या सीटवरून म्हणाली, "उज्जू, दर्भ राहिला गं. टेबलावर."

"राहू दे, आत्या."

"असं कसं राहू दे? ग्रहणात दर्भ नाही म्हणजे?"

मी आरशातून आईकडं बघितलं. ती आत्याच्या शेजारी बसली होती. "वळव," ती म्हणाली.

मी गाडी वळवली. त्या चार काड्यांसाठी लॉजचे जिने चढताना मला रडू येत होतं, रागानं. खाली आले तर आत्या तळहातावर गोळी घेऊन बसलेली.

"अगं, ती शुगरची गोळी ना? आणि खाणार काय?"

"गोळी म्हणजे काही अन्न नव्हे," ती म्हणाली आणि गंगाजलाच्या घोटाबरोबर गोळी गिळून टाकली.

हे मी बघितलं, आणि तरी त्यावर काही बोलले नाही. माझं सगळं लक्ष घड्याळाकडं होतं.

हायवेला लागलो तेव्हा ऊन छान पडलं होतं. आकाश स्वच्छ. हवामानानं दगा दिला असता तर मला इतका त्रास झाला नसता. ढगांवर रागावता येत नाही. कासरगोड आता जमणार नव्हतं, मंगळूरही अवघड होतं. पट्ट्याची उत्तरेची कड मंगळूरच्या बरीच अलीकडे होती. ती कड ओलांडून कुठंही रस्त्याच्या कडेला उभं राहिलो तरी बांगडी दिसली असती. बारीक, एका बाजूला झुकलेली, पण पुरी. मी तेवढंच धरून गाडी हाणत होते.

आठनंतर ग्रहण लागलं. आत्यानं शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि पुटपुटायला लागली. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

"सुरू झालं?" तिनं विचारलं.

"झालं. वरून खायला लागलाय चंद्र. नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, ग्रहणाच्या चष्म्यातूनच बघायचं. मी सांगते तेव्हा."

"किती वेळ लागेल तिथं पोचायला?"

"तुम्हाला वेळेची आठवण आता झाली का?" मी म्हणाले. आईला मी कधी असं बोलत नसे.

रस्ता ओस पडला होता. हॉटेलं बंद, टपऱ्यांवर ताडपत्र्या, घरांची दारं लावलेली. उडुपी मागं पडलं. उजेड हळूहळू बदलत होता, दुपारी आभाळ भरून यावं तसा नव्हे, ऊन तसंच होतं पण त्यातली ताकद गेलेली. मी मनात किलोमीटर मोजत होते. आणखी वीस मिनिटं मिळाली असती तर पुरे होतं.

"उज्जू," आई म्हणाली, "गाडी थांबव."

"आता नाही हं, आई. आता कशासाठीच नाही."

"थांबव म्हणते ना!"

मी आरशात बघितलं. शाल आत्याच्या खांद्यावरून घसरली होती. तिचा चेहरा घामानं निथळत होता आणि डोकं काचेवर आपटत होतं.

कापू गावाच्या जवळ, रस्त्याच्या कडेला चिंचेखाली मी गाडी घातली. आम्ही दोघींनी आत्याला सीटवर आडवं केलं. हात गार, अंगाला कंप. डोळे उघडे होते पण कुठं बघतेय ते तिलाच कळत नव्हतं.

"साखर," मी म्हणाले. "गोळीनं शुगर उतरलीय, साखर पोटात जायला पाहिजे, आत्ताच्या आत्ता." डिकीत संत्र्याच्या सरबताची बाटली होती, माझ्यासाठी घेतलेली. ती काढून आणली. आईनं आत्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली ओठाला लावली.

आत्यानं तोंड मिटून घेतलं.

"वन्सं, प्या."

ती मान हलवत राहिली. जीभ जड झालेली, तरी शब्द कळत होता. "ग्रहण... नको... ग्रहण."

"आत्या, मरशील!" मी ओरडले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. समोर एक हॉटेल होतं, त्याचं शटर खाली. मी जाऊन ते बडवलं. आत माणसं होती, बोलणं ऐकू येत होतं, पण शटर कुणी वर केलं नाही.

परत आले तर आई आत्याचा जबडा हातात धरून बसली होती. आईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तोंड उघडा. उघडा म्हणते! पाप लागणार असलं तर मला लागू दे. एक तुम्ही माझ्या नावावर लावलेलं आहेच, त्यात हे आणखी एक. उघडा!"

आत्याचे डोळे आईच्या तोंडावर येऊन थांबले. तिला कितपत कळलं होतं, सांगता येत नाही. पण तिनं तोंड उघडलं. अर्धं सरबत साडीवर सांडलं, अर्धं पोटात गेलं. आईनं परत बाटली लावली. परत.

मी गाडीला टेकून उभी राहिले. खाली बघितलं तर चिंचेच्या सावलीत, पानांच्या फटींतून पडलेला प्रत्येक कवडसा कोरीसारखा झाला होता. शेकडो कोरी, मातीवर, बॉनेटवर, माझ्या हातावर. मी चष्मा लावून वर बघितलं.

वेळ तीच होती. तिकडं मंगळूरला, कासरगोडला, त्या क्षणी लोकांना पुरी बांगडी दिसत होती. माझ्यासमोर जी होती तिची दोन्ही टोकं खूप जवळ आलेली. खाली उजवीकडं एवढीशी फट. ती टोकं आता जुळतील, आता जुळतील म्हणून मी श्वास धरून बघत राहिले. जुळली नाहीत. जुळणारच नव्हती, मला माहीत होतं. आम्ही पट्ट्याच्या बाहेर होतो. जेमतेम दहा-बारा किलोमीटर बाहेर. फट मोठी व्हायला लागली.

"आई, ये," मी म्हणाले. "लवकर ये. हे तरी बघ."

"थांब जरा. अजून गार आहेत त्या." ती आत्याचे तळवे चोळत होती.

"संपलं की ते!"

ती आली नाही. आणि मग मी नको ते सगळं बोलले. दोन वर्षं वाट बघितली होती, बस सोडली, कालपासून हिची स्नानं आणि हिच्या काड्या सांभाळतेय. हिला आणायची काय गरज होती, बघायचं नव्हतं तर तू तरी कशाला आलीस, घरी दारं लावून बसायचं होतं दोघींनी. आईनं ऐकून घेतलं. तळवे चोळणं थांबवलं नाही.

आत्या हळूहळू माणसांत येत होती. अंगावरचा घाम निवला, नजर स्थिर झाली. तिनं ओल्या साडीवरून हात फिरवला, रिकाम्या बाटलीकडं बघितलं, बाहेरच्या उजेडाकडं बघितलं.

"सुटलं?" तिनं विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "अजून दीड तास आहे."

आत्यानं घसरलेली शाल अंगावर ओढून घेतली.

"वन्सं, आता बरं वाटतंय? बोलता येईल?"

"येईल."

"मग माझ्या लेकीला सांगा, त्या दिवशी मी बघितलं होतं का."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या दिवशी म्हणजे कुठल्या, ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात एकच 'त्या दिवशी' होता. ऐंशी सालचा फेब्रुवारी, दुपारचं मोठं ग्रहण. आई तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती, आणि उन्हाळा सरल्यावर मी जन्मले ती दुभंगलेला ओठ घेऊन. मिरजेला लहानपणी माझी तीन ऑपरेशनं झाली. व्रण अजून आहे. सुनेनं दार लावून बसायचं सोडून खिडकीतून ग्रहण बघितलं, म्हणून पोरीला ग्रहण लागलं, हे मी आजीकडून, काकांकडून, शेजारणींकडून ऐकत मोठी झाले. माझं लग्न मोडलं तेव्हाही कुणीतरी तेच बोललं होतं. आई त्यावर कधी काही म्हणाली नाही. मी शिकले, पुस्तकं वाचली आणि तिला सांगायला लागले, अगं, बाळाचा ओठ तिसऱ्या महिन्याच्या आतच तयार होतो, त्याचा ग्रहणाशी काही संबंध नाही, तू बघितलंस तर बघितलंस. हे मी तिची बाजू घेऊन सांगत असे. ती उठून कामाला लागायची.

"सांगा," आई म्हणाली.

आत्या शालीचं टोक चाचपत होती. "नव्हतं बघितलं," ती म्हणाली.

"तिच्याकडं बघून सांगा."

"उज्जू, तुझ्या आईनं बघितलं नव्हतं. माजघराच्या खोलीत होती ती. तिथली खिडकी आम्ही आदल्या दिवशी घोंगडं ठोकून बंद केली होती. दाराला बाहेरून कडी मी घातली, आणि काढली पण मीच. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली होती."

"मग?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"तुझं बारसं झालं त्या महिन्यात माझी सोयरीक चालली होती. ती माणसं घरी आली, तुला पाळण्यात बघितलं, आणि त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, हे तुमच्या घराण्यात आहे का म्हणून." ती थांबली. "होतं. माझ्या आधी आईला, तुझ्या आजीला, एक मुलगा झाला होता, असाच. चार महिन्यांचा होऊन गेला. कुणाला दाखवला नव्हता. आई पटकन म्हणाली, छे, सुनेनं ग्रहण बघितलं. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, विचारा हिला, हीच होती दारापाशी. मी हो म्हटलं."

"मी तिथंच होते," आई मला म्हणाली. "चहाचे कप घेऊन. मला वाटलं, लग्न होऊ दे यांचं, एकदा अक्षता पडल्या की सांगतील सगळ्यांना. मी तोंड उघडलं असतं तर मोडलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस, आत्या?"

"सासरी कळलं असतं ना गं. मग मुलं झाली नाहीत, त्याच्यावरूनच बोलणी बसत होती. त्यात हे कुठं सांगू? मग आई गेली. मग तुम्ही कोल्हापूरला आलात. राहून गेलं."

"राहून गेलं," आई म्हणाली.

एक ट्रक धाडधाड करत गेला. ऊन परत भरत होतं. मला आत्याचा राग यायला हवा होता, आला पण. पण त्याहून जास्त आईचा आला. एवढी वर्षं मला तरी सांगायचं होतं. मी तसं बोलले.

"तुला काय सांगू?" आई म्हणाली. "तू म्हणायचीस, बघितलंस तर बघितलंस. बघितलं तरी चालतं हे तुझं बरोबरच आहे, बाई. पण मी बघितलं नव्हतं ना."

तिनं पर्समधून फोन काढला. "आता आप्पांना सांगा," ती आत्याला म्हणाली. आप्पा म्हणजे माझे थोरले काका, घरातले सगळ्यांत मोठे. "यासाठी आणलंय मी तुम्हाला. ग्रहण बघतानाच विचारायचं होतं. घरात तुम्ही कधी एकट्या सापडत नाही."

आत्यानं आढेवेढे घेतले नाहीत. आईनं नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. काकांनी फोन उचलला, मागं कुठंतरी घंटी वाजत होती.

"काय झालं? बऱ्या आहात ना सगळ्या?"

"आप्पा, मी रत्ना. बरी आहे मी. एक सांगायचंय. ऐंशी सालच्या ग्रहणात वहिनींनी बघितलं नव्हतं. कडी मी घातली होती बाहेरून. आई खोटं बोलली, आणि मी पण."

फोनवर नुसती घंटी.

"ग्रहण सुटल्यावर बोलू," काका म्हणाले. "आता जपाला बसलोय." आणि फोन कट झाला.

आई हातातल्या फोनकडं बघत राहिली. मग तिनं तो पर्समध्ये टाकला, गाडीतून उतरली, माझ्या हातातला चष्मा घेतला आणि डोळ्यांना लावून वर बघायला लागली. तोवर सूर्य अर्ध्याहून जास्त मोकळा झाला होता. कडेचा घास तेवढा राहिलेला.

"हेच का ते?"

"आता काही उरलं नाही, आई. मघाशी बघायला हवं होतंस."

"याच्यासाठी होय," ती म्हणाली. आणखी थोडा वेळ बघून तिनं चष्मा परत दिला.

समुद्रस्नान झालं नाही. उडुपीला डॉक्टरांना दाखवून आम्ही परत फिरलो. त्या संध्याकाळी आईनं फोन उशाशी ठेवला होता. काकांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संक्रांतीला गडहिंग्लजला गेलो तेव्हा काकांनी माझ्या कॉलेजची चौकशी केली, आईला वाण दिलं का म्हणून काकूंना विचारलं, आणि पेपर उघडून बसले. आत्या स्वयंपाकघरात होती. मी आईला म्हटलं, मी विचारते त्यांना सगळ्यांदेखत. ती म्हणाली, "तू नाही. तू विचारून काय उपयोग?"

मग टाळेबंदी लागली आणि जाणंयेणंच बंद झालं.

जूनमध्ये पुन्हा ग्रहण आलं. आमच्याकडं खंडग्रास, रविवारी सकाळी, आणि कोल्हापुरात आभाळ भरलेलं. मी चष्मासुद्धा काढला नाही. दुपारी आईला फोन आला. काकांच्या नातवाची बायको पूर्वा, वर्षभरापूर्वी लग्न होऊन त्या घरात आलेली. सहा महिन्यांची गरोदर होती. काकांना ती मोठे बाबा म्हणायची. आईनं स्पीकर सुरू केला, म्हणून मला पण ऐकू आलं.

"आजी, मला सकाळपासून खोलीत बसवलं होतं," पूर्वा सांगत होती. "मोठ्या बाबांनी सांगितलं होतं, दार लावून बस, पाणी पण नको. आणि मधेच रत्नाआजी आल्या ताट घेऊन. वरणभात. आधी स्वतः एक घास खाल्ला माझ्यासमोर, मग मला म्हणाल्या, जेव. मोठे बाबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, रत्ना, अजून सुटलं नाही. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. मी जेवेपर्यंत तिथंच बसून होत्या उंबऱ्यात. दार उघडं ठेवून. मग म्हणाल्या, कोल्हापूरच्या आजीला फोन कर आणि सांग."

"त्यांनी का नाही केला?" आईनं विचारलं.

"काय माहीत. द्यायला गेले फोन, तर नको म्हणाल्या."

"बरं," आई म्हणाली. "पोटभर जेवलीस ना?"

"हो."

आईनं फोन ठेवला. ती गवार मोडत बसली होती. तिनं परत ताट पुढं ओढलं आणि दोन-चार शेंगा मोडल्या. मला वाटलं ती आता काकांबद्दल काही बोलेल, आत्याबद्दल बोलेल.

"मला त्या दिवशी फार भूक लागली होती गं," ती म्हणाली.